वार्ताहर, तिचं लग्न आणि इराणचा कायदा

परदेशात वाढलेली इराणी वंशाची वार्ताहर आईवडिलांच्या देशात राहायला जाते. बातम्या पाठवता पाठवता प्रेमात पडते, लग्न करते, मूल होतं. पुढे कधीतरी तिथे राहणं अशक्य होतं आणि बाहेर पडल्यावर पुस्तक येतं. या धर्तीच्या आठवणी २००० नंतर इंग्रजीत इतक्या निघाल्या, की त्यांच्यावरचा शेराही आता ठरून गेला आहे: वार्तांकन चांगलं होतं, प्रेमकथेने ते पातळ केलं. काही जण तर पत्रकाराने स्वतःचं लग्न पुस्तकात आणूच नये, असं म्हणतात.

मला हे अजिबात पटत नाही. इराणबद्दलच्या अशा पुस्तकांत भरवशाचा भाग असतो तो लग्नाचाच. राजवट किती दिवसांची सोबती आहे, तरुण पिढी आता काय करणार, ही प्रकरणं हातचं राखून वाचावीत. लग्न, घर, पासपोर्ट, बाळंतपण यांची प्रकरणं मात्र पेन्सिल घेऊन वाचावीत, कारण तिथली प्रत्येक गोष्ट कायद्याच्या कलमाशी ताडून बघता येते. आणि इराणमध्ये दोन माणसांचं लग्न हे इतक्या ठिकाणी सरकारी काम होतं, की त्याचं खरं वर्णन केलं तर ते आपोआप वार्तांकनच होतं.

सुरुवात नागरिकत्वापासून होते. इराणच्या नागरी संहितेचं कलम ९७६ सांगतं की ज्याचा बाप इराणी तो इराणी, मग जन्म शिराझचा असो की सॅन होजेचा. कलम ९८९ नुसार रीतसर परवानगी न घेता मिळवलेलं परदेशी नागरिकत्व इराणच्या लेखी नसल्यातच जमा. नागरिकत्व सोडायचं म्हटलं तर कलम ९८८ आडवं येतं: वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत, मंत्रिमंडळाची मंजुरी हवी, पुरुष असेल तर लष्करी सेवा झालेली हवी. त्यामुळे कॅलिफोर्नियात वाढलेली मुलगी तेहरानच्या विमानतळावर उतरते ती इराणी पासपोर्टवर, इराणी नागरिक म्हणून. तिच्या बॅगेतला निळा अमेरिकी पासपोर्ट अडचणीच्या वेळी कामाला येत नाही. अटक झाली तर दुसऱ्या देशाच्या दूतावासाला तिला भेटू देण्याचं बंधन इराण मानत नाही. झहरा काझेमी ही शिराझमध्ये जन्मलेली इराणी-कॅनेडियन छायाचित्रकार जून २००३ मध्ये तेहरानच्या एविन तुरुंगाबाहेर फोटो काढताना पकडली गेली आणि जुलैत कोठडीत झालेल्या इजांमुळे मरण पावली. मृतदेह कॅनडात आणावा ही मुलाची मागणी होती, कॅनडा सरकारचीही होती. दफन शिराझमध्येच झालं.

हे माहीत असलेली वार्ताहर प्रेमात पडते तेव्हा ती ‘परदेशी बाई’ म्हणून पडत नाही. कायद्याने ती इराणी मुलगी असते, आणि पहिलंच लग्न असेल तर कलम १०४३ प्रमाणे तिला बापाची किंवा बापाच्या बापाची परवानगी लागते. वय ३० असो, नावावर दहा वर्षांची पत्रकारिता असो. बाप अमेरिकेत असेल तर कागद वॉशिंग्टनला पाकिस्तानी दूतावासाच्या छत्राखाली चालणाऱ्या इराणच्या हितसंबंध कार्यालयातून साक्षांकित होऊन यावा लागतो, कारण दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९८० पासून तुटलेले आहेत. बापाने सबळ कारणाशिवाय नकार दिला तर मुलीला कौटुंबिक न्यायालयात जाता येतं. पण आपल्याच बापाचा नकार अवाजवी आहे हे न्यायाधीशासमोर सिद्ध करायला किती मुली उभ्या राहतील?

मुसलमान मुलीचा नवरा मुसलमान नसेल तर त्याला आधी कागदोपत्री तरी मुसलमान व्हावं लागतं (कलम १०५९). परदेशी असेल तर शिवाय सरकारची खास परवानगी लागते (कलम १०६०). म्हणजे प्रेमकथेतल्या नायकाचं पारपत्र कुठलं, हा कथेतला तपशील नसून कथेचा कणाच असतो.

मग रक्ततपासणी. थॅलेसेमियासाठी लग्नाआधीची तपासणी इराणने १९९७ पासून देशभर सक्तीची केली. पद्धत साधी आणि काटकसरीची आहे. आधी फक्त मुलाचं रक्त घेतात. त्याच्या तांबड्या पेशी आकाराने लहान किंवा फिक्या निघाल्या तरच मुलीचं घेतात, आणि दोघांचंही तसंच निघालं तर पुढची हिमोग्लोबिनची चाचणी आणि समुपदेशन. तपासणी सक्तीची आहे, लग्न मोडणं सक्तीचं नाही. नोंदणी करणाऱ्या दफ्तरखान्यात हा दाखला लागतोच. धर्मसत्ता म्हणजे निव्वळ मागासलेपण, असं समीकरण मनात घेऊन पुस्तक उघडणाऱ्याला हे प्रकरण खटकतं. चांगल्या लेखिकेने ते खटकू द्यावं.

विवाहाच्या समारंभात एक जागा अशी आहे, जिथे कायदा आणि लाड एकाच वाक्यात येतात. अक्दचा, म्हणजे विवाहकराराचा, सोफ्रे (जमिनीवरचं सजवलेलं कापड) मांडलेला असतो: आरसा, दोन मेणबत्तीदाण्या, अंडी, आक्रोड, मध. नवरानवरीच्या डोक्यावर कापड धरून बायका साखरेचे दोन सुळके एकमेकांवर घासतात. लग्न लावणारा आखुंद, म्हणजे मौलवी, नवरीला विचारतो, मी तुमचा वकील होऊन हा करार करू का? नवरी गप्प. बायका ओरडतात, नवरी फुलं तोडायला गेलीय. दुसऱ्यांदा विचारलं की, गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा ती म्हणते, आईवडिलांच्या परवानगीने, हो. परदेशी वाचकांसाठी लिहिताना हा प्रसंग हमखास येतो आणि गोड असतो म्हणून बहुतेक लेखिका तिथेच थांबतात. थांबू नये. कारण त्या ‘परवानगीने’मधली आईची परवानगी शिष्टाचार आहे, बापाची परवानगी त्याआधीच शिक्क्यानिशी फाइलला लागलेली असते.

यानंतर नवऱ्यासमोर विवाहाची छापील वही येते, आणि या प्रकारच्या पुस्तकांची खरी परीक्षा इथे होते. वहीत १२ अटी छापलेल्या असतात. नवऱ्याने सहा महिने पोटगी दिली नाही, व्यसनी झाला, पाच वर्षांची कैद झाली, घर सोडून गेला, बायकोला न विचारता दुसरी केली, पाच वर्षांत मूल झालं नाही, अशा प्रसंगी बायकोला न्यायालयामार्फत घटस्फोट घेता यावा, यासाठी त्या आहेत. प्रत्येक अटीखाली नवऱ्याची वेगळी सही लागते. सही नाही तर ती अट नाही. पाहुणे ताटकळलेले, मिठाई फिरतेय, अशा गडबडीत कोणत्या अटीखाली सही राहिली हे नवरी बघत नाही.

पण या बारा अटींत बायकोच्या रोजच्या स्वातंत्र्याचं काहीच नाही. प्रवासाचा, नोकरीचा, शिक्षणाचा, कुठे राहायचं ते ठरवण्याचा हक्क हवा असेल तर तो वेगळा लिहून घ्यावा लागतो. कलम १११९ त्याला मुभा देतं. लिहून घेतला नाही तर कलम १११४ प्रमाणे राहण्याची जागा नवरा ठरवतो, आणि कुटुंबाच्या हिताला किंवा इभ्रतीला बाधक म्हणून बायकोचा व्यवसाय कलम १११७ खाली तो न्यायालयातून थांबवू शकतो. वार्ताहराच्या पेशाबद्दल असा दावा करायला किती वाव आहे, ते सांगायला नको.

लिहून घेण्यातही खाचखळगे आहेत. ‘बायकोला तलाकचा हक्क दिला’ असं लिहिलं तर ते टिकत नाही. तलाक हा पुरुषाचा हक्क मानलेला असल्याने तो देऊन टाकता येत नाही. तो बजावण्याचं मुखत्यारपत्र तेवढं देता येतं. मजकूर ‘वकालत’ म्हणूनच लिहावा लागतो, रद्द न करता येणारी असं नमूद करावं लागतं, आणि ते मुखत्यारपत्र पुढे वकिलाला सोपवण्याची मुभाही त्यात घालावी लागते. प्रवासाचं तसंच. १९७३ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १८ नुसार विवाहितेला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी संमती लागते आणि दिलेली संमती तो मागे घेऊ शकतो. त्यामुळे विवाहाच्या वहीत एक ओळ लिहून भागत नाही, नोटरीकडचा वेगळा दस्त असावा लागतो. इराणच्या महिला फुटसाल (बंदिस्त मैदानावरचा, पाच-पाच जणींचा फुटबॉल) संघाची कर्णधार नीलूफर अर्दलान २०१५ मध्ये मलेशियातल्या आशियाई स्पर्धेला जाऊ शकली नाही, ती याच कलमामुळे. नवऱ्याने संमती दिली नाही. देशाची कर्णधार असणं पासपोर्टच्या खिडकीवर उपयोगी पडलं नाही.

मेहरियेबद्दल, म्हणजे नवऱ्याने बायकोला देण्याच्या ठरलेल्या रकमेबद्दल, इंग्रजी पुस्तकांत फार भाबडं लिहिलं जातं. आकडा सोन्याच्या बहार-ए-आझादी नाण्यांत ठरतो, पूर्ण नाणं साधारण ८.१३ ग्रॅमचं. धार्मिक कुटुंबं शिया पंथाला पूज्य असलेल्या चौदा मासूमांच्या नावाने १४ ठरवतात, तर हौशी कुटुंबं नवरीचं इराणी पंचांगातलं जन्मवर्ष जेवढं तेवढी, म्हणजे तेराशेच्या वर नाणी. कायद्याने ही रक्कम बायको मागेल तेव्हा देणं लागते. २०१३ मध्ये लागू झालेल्या कुटुंब संरक्षण कायद्याने न देणाऱ्या नवऱ्यावरची तुरुंगाची तलवार ११० नाण्यांपर्यंतच्या वसुलीपुरती ठेवली. वरवर ही बायकोची किंमत वाटते. व्यवहारात ती तिची सौदा करण्याची ताकद असते: तलाक हवा असलेली बाई मेहरिये सोडते आणि सुटका घेते. जिला हे कळलेलं असतं ती लेखिका आकडा सांगून थांबत नाही, तो कशाच्या बदल्यात सोडला जातो ते सांगते.

घर शोधण्यावरूनही लेखिका ओळखता येते. तेहरानमध्ये भाड्याचे दोन भाग पडतात: रहन म्हणून मोठी बिनव्याजी अनामत आणि दरमहा इजारा. रहन वाढवली की इजारा कमी होतो, आणि बाजारातला प्रघात असा, की दर दहा लाख तोमानच्या अनामतीमागे महिना ३० हजार तोमान. नवं जोडपं आईबापांकडून रहन गोळा करतं, म्हणून ते कुठे राहणार हे बापाच्या खिशावर ठरतं. वर कागदावर रियाल आणि बोलण्यात तोमान (दहा रियालांचा एक), म्हणजे एक शून्य कायम इकडेतिकडे. पुस्तकात घरभाडं एकाच आकड्यात डॉलरमध्ये दिलं असेल तर समजावं, की घर शोधताना लेखिकेचे हाल झालेले नाहीत, किंवा झालेले तिने लपवले आहेत.

मूल झालं की फास आवळतो. नाव नागरी नोंदणी खात्याला मान्य व्हावं लागतं. शनासनामेची, म्हणजे जन्मनोंदीची, पुस्तिका निघते, तिच्यात पुढे त्या जिवाचं लग्न, तलाक, मुलं आणि मृत्यू नोंदण्याची पानं आधीपासून असतात. सातव्या वर्षापर्यंत ताबा आईकडे राहू शकतो, पालकत्व मात्र बापाचं आणि बापाच्या बापाचं. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट आई एकटी काढू शकत नाही. देश सोडायचा निर्णय हा अशा आठवणींचा कळसाचा भाग असतो; तो जिथे निव्वळ मनाची उलाघाल म्हणून येतो तिथे वाचकाने विचारावं, सही कोणी केली?

आता राजकीय अंदाजांकडे वळू. वार्ताहर तेहरानमध्ये काम करते ती इरशाद (संस्कृती आणि इस्लामी मार्गदर्शन) मंत्रालयाच्या परदेशी माध्यम विभागाने दिलेल्या कार्डावर. कार्डाची मुदत असते, नूतनीकरण असतं, आणि ते अडवून ठेवता येतं. कार्ड गेलं की बातमी पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. इराणी-अमेरिकी वार्ताहर रोक्साना साबेरीचं कार्ड २००६ मध्ये काढून घेतलं गेलं, ती तिथेच राहिली, जानेवारी २००९ मध्ये पकडली गेली, एप्रिलमध्ये हेरगिरीबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली आणि मे महिन्यात अपिलात शिक्षा दोन वर्षांवर येऊन स्थगित झाली आणि ती सुटली. टांगत्या कार्डावर काम करणारी बाई कुणाला भेटायचं, कुठल्या शहरात जायचं, हे आधी मनातच गाळते. उरतात मित्र, आते-मामेभावंडं, त्यांचे मित्र.

हे लोक राहतात कुठे? बहुतेक तेहरानच्या वलीअस्र रस्त्याच्या वरच्या टोकाला. रेल्वे स्थानकाच्या चौकापासून ताजरीशपर्यंत सुमारे १८ किलोमीटर चढत जाणारा हा रस्ता म्हणजे तेहरानचा सामाजिक नकाशा आहे. चढ जसा वाढतो तशी घरं महाग होतात आणि हवा बरी होते. परदेशातून आलेल्या लेकीचं इराण वरच्या चार-पाच किलोमीटरांत मावतं. जून २००५ मध्ये महमूद अहमदीनेजाद अध्यक्षपदी निवडून आला तेव्हा या भागाला तो धक्का होता, दक्षिण तेहरानला नव्हता. सप्टेंबर २०२२ चा उद्रेकही सुरू झाला तो कुर्दिस्तानातल्या सक्केझच्या दफनभूमीतून, हिजाबवरून पकडलेल्या आणि पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावलेल्या महसा झिना अमिनीच्या अंत्यविधीतून. ती बातमी जगापुढे आणणाऱ्या दोघी, ‘शर्घ’ची नीलूफर हामेदी आणि ‘हम-मीहन’ची इलाहे मोहम्मदी, इराणमध्येच फारसीत काम करणाऱ्या वार्ताहर होत्या. त्यांना २०२३ मध्ये अनुक्रमे १३ आणि १२ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये जामीन मिळाला. त्यांना कोणता दुसरा पासपोर्ट नव्हता, आणि मराठीत त्यांच्या बातम्या कुणी अनुवादित केल्याचं दिसत नाही. आपल्याकडे इराण येतो तो इंग्रजीतून, म्हणजे बहुधा बाहेर पडलेल्यांच्या नजरेतून.

इथे एक आक्षेप योग्यच आहे. लग्नाची प्रकरणंही त्याच वरच्या मोहल्ल्यातली नाहीत का? आहेत. वकील करणं, नोटरीचा दस्त, समजूतदार नवरा, ही सगळी पैशाची आणि शिक्षणाची सोय आहे. इराणी बलुचिस्तानातल्या मुलीला, जिचं लग्न कलम १०४१ च्या मुभेने तेराव्या वर्षी होऊ शकतं, तिला वकालत शब्द कोण सांगणार? पण फरक असा, की कलम दोघींना एकच आहे. सुखवस्तू लेखिका पळवाट दाखवते, आणि पळवाटीवरून भिंत किती उंच आहे ते कळतं. राजकीय भाकिताचं तसं नाही. ते चुकलं की त्यातून काहीच हाती लागत नाही.

प्रकाशकांना मात्र भिंत नको असते, पडदा हवा असतो. अझर नफीसी यांच्या ‘रीडिंग लोलिता इन तेहरान’ (२००३) च्या मुखपृष्ठावर मान खाली घातलेल्या, डोकं झाकलेल्या दोन मुली आहेत. न्यूयॉर्कमधले इराणी अभ्यासक हमीद दबाशी यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की मूळ छायाचित्रात त्या फेब्रुवारी २००० च्या संसदीय निवडणुकीच्या काळात सुधारणावादी वर्तमानपत्र वाचत होत्या. वर्तमानपत्र कापलं, माना राहिल्या. दबाशींचा लेखिकेवरचा बाकीचा हल्ला मला अतिरेकी वाटतो, पण हा कातरकामाचा मुद्दा बिनतोड आहे. राजकारण करणाऱ्या मुली विकायला अवघड, दबलेल्या मुली सोप्या.

विक्रीसाठी ‘धोका’ही लागतो. तो कोणाचा, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वॉशिंग्टनमधल्या इराणी-अमेरिकी अभ्यासक हाले इस्फांदियारी २००६ च्या अखेरीस आपल्या ९३ वर्षांच्या आईला भेटायला गेल्या, मे २००७ मध्ये पकडल्या गेल्या, १०५ दिवस एकांतकोठडीत राहिल्या. जामिनाला आईच्या तेहरानमधल्या घराचे कागद ठेवावे लागले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे जेसन रेझायान जुलै २०१४ मध्ये पकडले गेले आणि ५४४ दिवसांनी सुटले, त्यांच्यासोबत त्यांची पत्नी यगाने सालेही, स्वतः पत्रकार, हिलाही नेलं होतं. तिच्याकडे तेव्हा अमेरिकी पासपोर्ट नव्हता. लेखिकेवर दबाव आणायचा तर हात घालतात तो ज्यांच्यावर तिचं प्रेम आहे त्यांच्यावर. पुस्तकात सासूबाई जितक्या जिवंत उतरतात तितक्या त्या पत्ता लागायला सोप्या होतात.

म्हणून अशा पुस्तकाच्या सुरुवातीला ‘काही नावं बदलली आहेत’ हे वाक्य पुरेसं नाही. काय बदललं त्याचा प्रकार सांगायला हवा: नाव, पेशा, मोहल्ला, की दोन माणसं मिळून एक केली? नाव बदलून फारसा उपयोग होत नाही. तेहरानमध्ये दातांचा डॉक्टर, दोन मुली, भाऊ टोरांटोला, एवढ्यावर ओळखीतला माणूस बोट ठेवतो. पेशा आणि गाव बदलणं जास्त सुरक्षित. दोन माणसांचं एक पात्र करणं सर्वांत सुरक्षित, पण मग त्या पात्राचं बोलणं पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि ते वाचकाला कळायलाच हवं. लेखिका कोणत्या पासपोर्टवर राहिली, कार्ड केव्हा होतं आणि केव्हा नव्हतं, हेही तिथेच लिहावं. अर्ध्या पानात मावेल एवढंच हे काम आहे, आणि संपादकांनी त्याचा आग्रह धरला पाहिजे.

संमतीचा प्रश्न मात्र अर्ध्या पानात सुटत नाही. अहमदीनेजादआधीचे सुधारणावादी अध्यक्ष खातमी यांच्या काळात हसत ‘लिही की’ म्हणालेला मित्र अहमदीनेजादच्या काळात त्याच वाक्यापायी चौकशीला जाऊ शकतो. त्यात इराण लेखकांचे हक्क जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा सदस्य नाही. न्यूयॉर्कला छापलेल्या पुस्तकाचा फारसी अनुवाद लेखिकेला न विचारता निघू शकतो. तेहरानमध्ये परवान्याने निघाला तर मंत्रालयाची कात्री लागून, बिनपरवाना निघाला तर पीडीएफ होऊन हातोहात. इंग्रजी वाचकाला न ओळखू येणारी सासू तिथे गल्लीत ओळखू येते, आणि लेखिका मूळ पुस्तकात दुरुस्ती करायला तयार असली तरी त्या प्रतीला ती हात लावू शकत नाही.